तंटामुक्त गाव मोहीम आणि तिचे पुरस्कार

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम महाराष्ट्राच्या गृह विभागाने १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू केली. भांडणाने पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी ते गावातच मिटावे, आणि वर्षानुवर्षे कोर्टात अडकलेले दावेही समेटाने निकाली निघावेत, हा तिचा हेतू. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी त्याआधी ग्रामविकास खाते सांभाळताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान राबवले होते. गावागावांत स्पर्धा लावून चांगल्या कामाला रोख बक्षीस द्यायची तीच रीत इथे शांततेसाठी वापरली गेली.

मोहिमेचा कणा म्हणजे तंटामुक्त गाव समिती. ग्रामसभा ती नेमते. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक यांच्यासोबत शिक्षक, डॉक्टर, वकील, महिला आणि तरुणही तिच्यात असतात. समिती आधी गावातल्या सगळ्या तंट्यांची नोंद करते आणि दिवाणी, महसुली, फौजदारी व इतर असे त्यांचे वर्ग पाडते. ही नोंदवही मोलाची, कारण भांडणाचे मूळ तिच्यात दिसते. कोरलेला बांध, अडवलेली वहिवाट, सामाईक विहिरीचे पाणी, भावाभावांतली वाटणी. मारहाणीचा गुन्हा पुष्कळदा अशाच जुन्या वादातून उगवतो. मग उलटसुलट फिर्यादी होतात आणि दोन पिढ्यांचे बोलणे तुटते. मोजणी करून, दोन्ही घरे समोरासमोर बसवून मूळ वाद मिटला, तर त्यावर पोसलेले खटलेही संपतात.

समिती म्हणजे न्यायालय नव्हे. तिला दंड करता येत नाही, कुणाला वाळीत टाकणे तर २०१६ च्या कायद्याने गुन्हाच आहे. फौजदारी प्रकरणांत कायद्याने आपसात मिटवण्याजोगे ठरवलेले गुन्हेच तिच्यापुढे येऊ शकतात. खून, बलात्कार यांसारखे गुन्हे नाहीत. कोर्टात चालू असलेल्या दाव्यात तडजोडपत्र न्यायालयापुढे किंवा लोकअदालतीत द्यावे लागते. लोकअदालतीच्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते.

मूल्यमापन २०० गुणांचे. मिटवलेल्या तंट्यांबरोबरच तंटे उद्भवू नयेत म्हणून केलेल्या कामालाही गुण मिळत: एक गाव एक गणपती, अवैध दारूला आळा, सण-उत्सवांतला सलोखा. आधी जिल्ह्यातली आणि नंतर बाहेरच्या जिल्ह्याची समिती कागदपत्रे तपासत असे. पात्र गावांना लोकसंख्येनुसार लाखांच्या घरात रक्कम मिळत असे, विशेष उत्तम गुण मिळवणाऱ्या गावांना विशेष शांतता पुरस्कार. मोहिमेला प्रसिद्धी देणाऱ्या पत्रकारांसाठीही पुरस्कार ठेवले गेले. अनेक समित्यांनी घरच्यांचा विरोध असलेले प्रेमविवाहही पुढाकार घेऊन लावून दिले. मोहिमेचे हे सर्वांत धीट काम म्हणावे लागेल.

गुणांच्या पद्धतीत एक धोका मात्र आहे. मिटलेल्या तंट्यांचा आकडा वाढवण्याच्या भरात दुबळ्या बाजूवर दबाव येऊ शकतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘नांदायला जा’ म्हणून परत धाडले, तर वहीत तंटा मिटतो, घरात नाही. अशा प्रकरणी तिला संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत पोहोचवणे हेच समितीचे काम ठरते.

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी आर. आर. पाटील यांचे निधन झाले. पुढे मोहिमेचा जोर ओसरला, तरी अनेक गावांत ऑगस्टच्या ग्रामसभेत समितीचा अध्यक्ष अजून निवडला जातो. या समित्यांचे मूल्यमापन शासनाने नियमित करावे, आणि ते करताना तडजोडीनंतर दोन्ही पक्षांना, विशेषतः दुबळ्या पक्षाला, भेटून विचारावे.