ब्रिस्टलच्या बसवरची वर्णबंदी
कामाची जागा आणि समता : लेखांक ६

१९६३ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात कृष्णवर्णीय माणसाला बसचे तिकीट काढून प्रवास करता येत होता. बस कंपनीच्या वर्कशॉपमध्ये आणि कँटीनमध्ये कमी पगाराची कामेही त्याला मिळत. मात्र त्याच बसवर ड्रायव्हर किंवा कंडक्टर म्हणून त्याला घेतले जात नव्हते. ब्रिस्टल ऑम्निबस ही सरकारी मालकीची कंपनी होती. अशी बंदी घाला असे सांगणारा कायदा देशात नव्हता, तसा ती रोखणारा कायदाही नव्हता. शहरात वेस्ट इंडीजमधून आलेल्या कुटुंबांतले सुमारे ३,००० लोक राहत होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात लढलेले काही जण त्यांच्यात होते. ब्रिटनला तेव्हा कामगारांची चणचण भासत होती, आणि लंडन ट्रान्सपोर्टने तर १९५६ पासून थेट बार्बाडोसला जाऊन भरती सुरू केली होती. ब्रिस्टलचे दार मात्र बंदच राहिले.

कामाच्या जागचा भेदभाव टिकतो तो अनेकांच्या संमतीवर. १९५५ साली बस कामगारांच्या संघटनेच्या स्थानिक प्रवासी विभागाने ठराव केला, की 'कलर्ड' लोकांना बसवर नेमू नये. ड्रायव्हर-कंडक्टरांचा मूळ पगार तुटपुंजा होता आणि घर चालायचे ते ओव्हरटाइमवर. नवे हात आले तर ओव्हरटाइम जाईल, ही भीती त्यांच्या मनात होती आणि वंशद्वेषाने तिला खतपाणी घातले. कंपनीचे जनरल मॅनेजर इयान पेटी यांचे म्हणणे असे, की कृष्णवर्णीयांना घेतले तर गोरे कामगार नोकरी सोडून जातील. कंपनी कामगारांकडे बोट दाखवी, संघटना कंपनीकडे. दोघांच्या या टोलवाटोलवीत जबाबदार कोणीच ठरत नसे आणि बंदी सुखाने चालू राही. बसमध्ये रोज चढणारे हजारो प्रवासीही तिकडे काणाडोळा करत होते.

ही वर्णबंदी मोडण्यासाठी रॉय हॅकेट, ओवेन हेन्री, ऑड्ली इव्हान्स आणि प्रिन्स ब्राउन हे वेस्ट इंडियन रहिवासी एकत्र आले आणि त्यांनी वेस्ट इंडियन डेव्हलपमेंट कौन्सिल स्थापन केली. पॉल स्टीफन्सन हे शहरातले तरुण समाजकार्यकर्ते त्यांचे प्रवक्ते झाले. पहिला प्रश्न पुराव्याचा होता. बंदी कोणत्याच जाहिरातीत छापलेली नव्हती, त्यामुळे 'आमच्याकडे असे काही नाही' म्हणायला सगळे मोकळे होते. यावर तोडगा म्हणून गाय बेली या १८ वर्षांच्या तरुणाची मुलाखत ठरवण्यात आली. बेली शिकलेला होता, गोदामात नोकरी करत होता आणि बॉइज ब्रिगेड या संघटनेत अधिकारी होता. जागा रिकाम्या आहेत याची खात्री फोनवर आधीच करून घेतली होती. ठरल्या वेळी तो कार्यालयात पोहोचला. बेली यांनी पुढे सांगितलेली हकिगत अशी : नाव सांगितल्यावरही स्वागतकक्षातल्या बाईंना वाटेना, की मुलाखत याचीच आहे. त्या आत गेल्या आणि भेटीला आलेला माणूस काळा असल्याचे त्यांनी साहेबांना सांगितले. आतून उत्तर आले, की सगळ्या जागा भरल्या आहेत. अर्ज, शिक्षण, वागणूक यांतले काहीही तपासले गेले नाही. एवढ्या एका प्रसंगाने वर्षानुवर्षे नाकारली गेलेली गोष्ट उघड्यावर आली.

त्यापुढचे पाऊल सामूहिक होते. अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला होता. तो आदर्श समोर ठेवून ३० एप्रिल १९६३ पासून ब्रिस्टलमध्ये बहिष्कार सुरू झाला. १ मे रोजी ब्रिस्टल विद्यापीठाच्या सुमारे १०० विद्यार्थ्यांनी बसस्थानकावर आणि कामगार संघटनेच्या कार्यालयावर मोर्चा नेला. वाटेत बस कर्मचाऱ्यांनी त्यांची हुर्यो उडवली. मजूर पक्षाचे टोनी बेन आणि विरोधी पक्षनेते हॅरोल्ड विल्सन यांनी आंदोलनाला पाठिंबा दिला. वेस्ट इंडीजचे नामवंत क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन तेव्हा त्रिनिदाद-टोबॅगोचे ब्रिटनमधले उच्चायुक्त होते. लंडनच्या एका हॉटेलने वर्णावरून त्यांना राहायला नकार दिला, तेव्हा त्यांनी त्या हॉटेलला न्यायालयात खेचून १९४४ मध्ये खटला जिंकला होता. तेही ब्रिस्टलकरांच्या बाजूने उभे राहिले.

बोलणी चार महिने चालली. २७ ऑगस्टला सुमारे ५०० बस कामगारांची सभा भरली आणि तिने वर्णबंदी उठवण्यास मान्यता दिली. दुसऱ्या दिवशी, २८ ऑगस्ट १९६३ रोजी, पेटी यांनी तशी घोषणा केली. वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचे जगप्रसिद्ध भाषण झाले तेही त्याच दिवशी. १७ सप्टेंबरला ब्रिस्टलच्या बसवर पहिला गौरेतर कंडक्टर रुजू झाला, त्यांचे नाव रघबीर सिंग. वेस्ट इंडियन लोकांनी लढून उघडलेल्या दारातून पहिले पाऊल एका भारतीय शीख माणसाने टाकले. एका समाजाने मिळवलेला हक्क त्याच्यापुरता राहत नाही, याचे एवढे स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

या आणि अशा लढ्यांच्या दबावातून कायदा हळूहळू आकाराला आला. १९६५ च्या वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा भेदभाव बेकायदा ठरवला, पण नोकरी आणि घरे त्यातून वगळली. १९६८ च्या कायद्याने ती उणीव भरून काढली. १९७६ च्या कायद्याने अप्रत्यक्ष भेदभावाचीही दखल घेतली. नियम सगळ्यांना सारखाच, पण त्याचा फटका विशिष्ट समाजालाच बसतो आणि त्या नियमाला सबळ कारणही नसते, तो अप्रत्यक्ष भेदभाव. हा प्रकार कसा असतो ते वुल्व्हरहॅम्प्टन शहरात आधीच दिसले होते. तिथे बसचालकाने दाढी ठेवू नये आणि पगडी घालू नये असा नियम होता. १९६७ मध्ये एक शीख चालक रजेनंतर दाढी-पगडीसह कामावर आला आणि त्याला घरी पाठवण्यात आले. दीर्घ आंदोलनानंतर एप्रिल १९६९ मध्ये तो नियम मागे घ्यावा लागला.

आज ब्रिटनमध्ये हे सगळे २०१० च्या समता कायद्याखाली येते. भारतातून गेलेला जातिभेदही त्याच्या कक्षेत येऊ शकतो. बिहारमधून घरकामासाठी नेलेल्या एका आदिवासी स्त्रीच्या खटल्यात अपील न्यायाधिकरणाने म्हटले, की वांशिक मूळ या संकल्पनेत काही प्रसंगी जातही मोडू शकते. २०१५ मध्ये तिला थकलेल्या वेतनापोटी सुमारे १ लाख ८४ हजार पौंड मंजूर झाले. तिला राबवणारे मालकही भारतीय वंशाचेच होते. परदेशात स्वतः वंशभेद सोसणाऱ्या समाजाने आपल्या घरातला भेदभावही तपासला पाहिजे, हे या निकालाने बजावले.

भेदभाव सोसावा लागणाऱ्या व्यक्तीच्या हातातले पहिले साधन म्हणजे नोंद. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, हजर असलेल्यांची नावे हे सगळे त्याच दिवशी लिहून ठेवावे. ईमेल आणि संदेश जपून ठेवावेत. 'मला त्रास होतो' या तक्रारीपेक्षा 'या तारखेला, या पदासाठी, माझ्याहून कमी अनुभवाच्या व्यक्तीची निवड झाली' ही तक्रार झटकून टाकणे अवघड जाते. तक्रार लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी आणि दाद मागण्याची मुदत आधीच विचारून ठेवावी, कारण ती बहुधा थोडी असते. सहकाऱ्यांचे कामही तितकेच मोलाचे आहे. अपमानकारक शेरा कानावर पडला तर तिथल्या तिथे हरकत घेणे, नंतर त्या व्यक्तीला भेटून 'मी साक्ष देईन' असे सांगणे आणि तो शब्द पाळणे, हे कोणालाही करता येते.

संस्थेने करायच्या गोष्टी याहून पक्क्या असाव्या लागतात. भरतीचे निकष जाहिरातीआधी लिहून ठेवावेत. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न विचारावेत आणि गुण मुलाखत संपताच नोंदवावेत. अर्जांच्या पहिल्या चाळणीत नाव, छायाचित्र आणि पत्ता झाकावा. चांगल्या पाळ्या, ओव्हरटाइम, प्रशिक्षण आणि बढती कोणाला मिळते याची आकडेवारी दरवर्षी काढून कामगारांसमोर ठेवावी. पक्षपात बऱ्याचदा भरतीनंतरच्या या वाटपात दडलेला असतो. तक्रारीची चौकशी संबंधित साहेबाकडे न देता त्रयस्थाकडे द्यावी आणि तक्रारदारावर सूड उगवणाऱ्यावर कारवाई करावी. कामगार संघटनेनेही आपली सभासदयादी आणि पदाधिकाऱ्यांची यादी याच कसोटीवर तपासावी.

ब्रिस्टलच्या बस कामगारांच्या संघटनेची वारसदार असलेल्या 'युनाइट' या संघटनेने वर्णबंदीच्या त्या भूमिकेबद्दल २०१३ मध्ये माफी मागितली. तोवर ५० वर्षे उलटून गेली होती. इतकी वाट पाहण्याची वेळ इतर कुठल्या कार्यालयावर, कारखान्यावर किंवा संघटनेवर येऊ नये. त्यासाठी आपल्या कामाच्या जागी कोण नाही आणि का नाही, हा प्रश्न पुढच्याच बैठकीत मांडावा, आणि मिळालेले उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.