कै. दि. बा. पाटील आणि जमिनीचा दाम

कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका पनवेलकरांच्या नित्य परिचयाचा आहे. त्याच्या माथ्यावरून खाडीकडे दृष्टी टाकली असता जे नवे शहर पसरलेले दिसते, तेथे एके काळी भातखाचरे व मिठागरे होती. ह्या जमिनी ज्यांच्या गेल्या, त्यांची बाजू मांडणारे दिनकर बाळू पाटील ह्यांचे चरित्र आमच्या व्यापारी वाचकांनी अवश्य ध्यानी घ्यावे, असे आम्हांस वाटते.

उरण तालुक्यातील जासई गावी शेतकरी कुळात 1926 साली त्यांचा जन्म झाला. वकिलीची सनद घेऊन ते शेतकरी कामगार पक्षातर्फे 1957 साली विधानसभेत गेले. पाच वेळा आमदार, व 1977 आणि 1984 साली कुलाब्याचे खासदार झाले. परंतु पदांची ही यादी कोणाही पुढाऱ्याची देता येईल. खरी कसोटी निराळीच होती.

1970 साली नव्या मुंबईकरिता ठाणे, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी संपादण्याचे ठरले. नगरास जागा लागते, हे आम्हांस मान्य आहे. पण जिच्या बळावर नगराची भरभराट व्हावयाची, तिचा धनी एकदाच रोकड घेऊन वाटेस लागावा, हा कोणत्या पेढीवरचा न्याय? जानेवारी 1984 मध्ये पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जणांनी प्राण गमावले. पुढे 1990 साली संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले. त्यातूनही पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापले जाऊन हाती पावणेनऊच उरतात, हा हिशेब आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको.

अमेरिकेच्या काँग्रेसात 1827 साली निवडून गेलेला डेव्ही क्रॉकेट हाही टेनेसीतील गरीब वहिवाटदारांच्या जमिनीसाठी भांडला. त्याचे जमिनीचे विधेयक शेवटपर्यंत संमत झाले नाही. त्या मानाने पाटलांच्या पदरी काही तरी पडले.

2013 साली ते निवर्तले. मिळालेले भूखंड पुष्कळांनी इमारत बांधणाऱ्यांस विकून टाकले, हे खरे. त्यावरून शेतकऱ्यास नावे ठेवणारे आमच्यातच आहेत. पण त्याच इमारतींच्या तळमजल्यावर आपली दुकाने आहेत, आणि तेथील भाड्याची पावती मूळ धन्याच्या नावे क्वचितच निघते.