पुस्तकामागचे उत्तर

समुद्रकाठच्या जमिनीखाली खारे पाणी किती आत शिरेल, याचे भाकीत करणारी संगणकीय आज्ञावली बरोबर चालते की नाही, हे जागोजागी जमीन खणून पाहता येत नाही. म्हणून ज्याचे उत्तर गणिताने आधीच काढून ठेवले आहे असा एखादा सोपा प्रश्न तिला घालण्याची रीत आहे, आणि अशा प्रश्नाला कसोटी-प्रश्न म्हणता येईल. हॅरोल्ड हेन्री यांनी १९६४ मध्ये मांडलेला प्रश्न हा या शाखेतला सर्वांत नावाजलेला कसोटी-प्रश्न होय. उंचीच्या दुप्पट लांबीचा वाळूचा एक उभा छेद, एका बाजूने ठरावीक वेगाने येणारे गोडे पाणी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, एवढीच त्याची मांडणी असून, जड खारे पाणी तळाशी पाचरीसारखे आत घुसते आणि गोड्या पाण्यात मिसळून वरच्या अंगाने पुन्हा समुद्राकडे वळते.

गंमत अशी, की पुढची तीन दशके एकाही आज्ञावलीचे उत्तर हेन्रींच्या उत्तराशी नीट जुळेना. विसरणांकाला, म्हणजे क्षार पाण्यात किती झपाट्याने पसरतात हे सांगणाऱ्या संख्येला, वाळूच्या ०.३५ या सच्छिद्रतेने गुणायचे की नाही, याबद्दलच घोटाळा असल्यामुळे काहींनी मूळच्या जवळजवळ एक तृतीयांश किंमत घेतली होती. पण खरी मेख वेगळीच होती. सेगोल यांनी १९९४ मध्ये हेन्रींचे गणित पुन्हा मांडले, तेव्हा पुस्तकामागे छापलेले उत्तरच चुकीचे निघावे तशी चूक मूळ उत्तरातच सापडली, आणि ती दुरुस्त होताच आज्ञावल्या जुळू लागल्या.

तरीही सिम्पसन आणि क्लेमेंट यांनी २००३ मध्ये अधिक अडचणीचा मुद्दा काढला. खाऱ्या पाण्याचे जडपण प्रवाहावर परिणाम करते हा दुवाच गणितातून काढून टाकला, तरी उत्तर फारसे बदलत नव्हते, कारण कडांवर लादलेल्या अटीच बरेचसे काम करून टाकत होत्या. म्हणजे जी गोष्ट तपासण्यासाठी हा प्रश्न वापरला जात होता, तिचीच परीक्षा त्यात जेमतेम होत होती. गोड्या पाण्याचा पुरवठा निम्मा केल्यास हा दोष बराच कमी होतो, असे त्यांनी पुढच्याच वर्षी दाखवले. त्यामुळे एखादी आज्ञावली ‘हेन्रीच्या कसोटीला उतरली’ असे वाचनात आल्यास, कसोटी मूळची होती की सुधारलेली, एवढे वाचकाने जरूर पाहून घ्यावे.