शाश्वत विकास: झाड लावून झालं, पुढे काय?

शाश्वत विकास शिकवायचा म्हणजे वृक्षारोपण, भित्तिपत्रकं आणि स्वच्छतेची शपथ, हा समज इंदूरमध्ये जरा जास्तच घट्ट आहे. त्याला कारणही आहे. २०१७पासून स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर सातत्याने अव्वल. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणं इथली मुलं घरातच शिकतात. शहरातल्या देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प फेब्रुवारी २०२२मध्ये सुरू झाला. दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत करण्याची त्याची क्षमता आहे. ही कामगिरी मोठीच आहे. पण कचऱ्याची विल्हेवाट नीट लागली की विषय संपत नाही. इतका कचरा मुळात होतोच का, हा प्रश्न नववीच्या वर्गात यायलाच हवा.

हा फक्त भूगोलाच्या तासाचा विषय आहे, हेही खरं नाही. इंदूरच्या नळाचं पाणी पाहा. त्यातलं बहुतांश नर्मदेचं. खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढून ते शहरात येतं. नदीपात्र आणि शहर यांच्या उंचीत जवळपास ४०० मीटरचा फरक आहे. स्थितिज ऊर्जेचं सूत्र मुलं नववीत शिकतात. ते इथे लावलं, तर हजार लिटर पाणी तेवढं वर आणायला किमान एक युनिटहून थोडी जास्त वीज लागते. पंपातली आणि जलवाहिनीतली तूट वेगळी. उघड्या नळातून पाण्याबरोबर वीजही वाहून जाते, हे मुलांना स्वतःच्या आकडेमोडीतून कळतं, आणि असं कळलेलं शपथेपेक्षा जास्त टिकतं. या विजेचा खर्च आटोक्यात आणण्यासाठी महापालिकेने फेब्रुवारी २०२३मध्ये जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढले, ८.२५ टक्के व्याजाने. गणिताच्या शिक्षकांना याहून जिवंत उदाहरण कुठे मिळणार?

पर्यावरण जपायचं तर विकास थांबवावा लागतो, ही समजूतही अनेक घरांत ऐकू येते. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने १९८७च्या ब्रुंटलँड अहवालात मांडलेली कल्पना वेगळी आहे: आजच्या गरजा भागवाव्यात, पण पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर घाला न घालता. याचं उदाहरण इंदूरजवळच आहे. होळकरांच्या काळात यशवंत सागर जलाशय बांधला गेला तो शहराची तहान भागवण्यासाठी. त्याचं पाणी आजही शहराला मिळतं. शिवाय पक्ष्यांचा अधिवास म्हणून हा जलाशय आणि सिरपूर तलाव २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले.

आणि हे सगळं शिकवणं हा ऐच्छिक उपक्रमही नव्हे. पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्येच पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचा निर्देश दिला होता.

इंदूरजवळच्या सनावदियात पद्मश्री जनक पलटा मॅकगिलिगन यांच्या केंद्रात सौर चुलींवर स्वयंपाक होतो. शिक्षकांनी मुलांना तिथे जरूर न्यावं, पण सहल म्हणून नव्हे. वही, तापमापक आणि घड्याळ घेऊन न्यावं.