मांडवाखालचा उजेड

एप्रिलच्या उन्हात नाशिककडच्या द्राक्षबागेत गेलात, तर मांडवावर नुसते सांगाडे दिसतात. खरड छाटणी नुकतीच झालेली असते. दीड महिन्यात तोच मांडव हिरवागार होतो. रस्त्याने जाणारा म्हणतो, 'काय बाग आलीय!' जाणता बागायतदार मात्र मांडवाखाली वाकून जमिनीकडे पाहतो. उन्हाचे कवडसे दिसले नाहीत, तर त्याच्या कपाळाला आठी पडते.

हिरवे पान म्हणजे अन्नाचा कारखाना, हे आपण शाळेत शिकलो. वनस्पतीचा हिरवा भाग उजेडातच हवा शुद्ध करतो, हे यान इंगेनहाउझ या डच वैद्याने १७७९ मध्ये दाखवले. पण सगळीच पाने सारखी कमावती नसतात. कोवळे पान तान्ह्या मुलासारखे. काडीतल्या आणि मुळांतल्या साठ्यावर ते पोसले जाते. पूर्ण आकाराच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत वाढले, की ते साखर बाहेर पाठवू लागते. ५-६ आठवड्यांचे पान ऐन भरात असते. पुढे त्याची कमाई हळूहळू उतरते आणि त्यातला नत्र वेल नव्या पालवीकडे वळवते.

वयाइतकीच जागाही महत्त्वाची. उपयोगी प्रकाशाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग वरचे पानच शोषून घेते. त्याखालच्या पानाला जेमतेम दहावा हिस्सा मिळतो, तिसऱ्याला शंभरावा. गंमत अशी, की भर दुपारचे सगळे ऊन वरच्या पानालाही पचत नाही. साधारण तिसऱ्या हिश्श्यातच त्याचे पोट भरत येते. वर उधळपट्टी, खाली उपासमार!

सावलीतले जून पान दुसऱ्याचे खात नाही, पण घरात काही आणतही नाही. पिवळे पडून गळते. खरे नुकसान होते ते काडीवरच्या डोळ्यांचे. छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत डोळ्यात घड धरणार की नुसती बाळी, हे ठरत असते. त्या दिवसांत डोळा अंधारात राहिला, तर ऑक्टोबर छाटणीनंतर त्यातून घडाऐवजी बाळीच निघते. चूक उन्हाळ्यातली, ती कळते दिवाळीच्या सुमारास. कर्जाचा हप्ता तोवर थांबत नाही.

म्हणूनच जादा फुटी वेळीच काढायच्या, काड्या मोकळ्या पसरून बांधायच्या. मात्र उजेडाच्या हव्यासापायी भरातली पाने ओरबाडली, तर मणी फुगत नाहीत आणि उघडे घड उन्हाने भाजतात.

बाग हिरवी असणे वेगळे, कमावती असणे वेगळे. हा फरक रस्त्यावरून दिसत नाही; त्यासाठी मांडवाखाली वाकावेच लागते.