गोठ्याची वीज जमिनीखालून कशी न्यावी

कचेरीतील नोकरीच्या काळात गुरे दगावल्याचे पंचनामे आमच्या हातून पुष्कळ लिहिले गेले. त्यांतील एक अद्याप विसरलो नाही. मालकाने राहत्या घरापासून गोठ्यापर्यंत बांबूंच्या आधाराने साधी तार ओढली होती. उन्हाने तिचे आवरण तडकले, वाऱ्याने ती पत्र्याच्या कडेवर घासत राहिली, आणि मृगाच्या पहिल्याच पावसात पत्रा, लोखंडी खांब व त्या खांबास साखळीने बांधलेला बैल या सर्वांत वीज उतरली. मालक आम्हांस पुनःपुन्हा एकच विचारीत होता, ‘‘भाऊसाहेब, फ्यूज तर शाबूत आहे, मग बैल मेला कसा?’’ त्या वेळी आम्हांस उत्तर देता आले नाही. पुढे जाणत्या तारतंत्र्यांस विचारून व स्वतःच्या गोठ्यास तार घालताना जे समजले, ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

फ्यूज असतो तो तार जळू नये म्हणून. जीव वाचविण्यासाठी नव्हे. ३२ अँपियरचा फ्यूज वितळण्यास त्याहून बराच अधिक प्रवाह लागतो. आपल्या संभाजीनगरकडे काळ्या मातीचा थर कित्येक ठिकाणी हातभरच, आणि खाली मुरूम व काळा खडक. अशा जागी अर्थिंगचा विरोध २० ओहम भरला, तर २३० व्होल्ट दाबाने जमिनीत उतरणारा प्रवाह साडेअकरा अँपियरच होतो. फ्यूजला त्याची दादही लागत नाही, आणि खांबात वीज खेळत राहते. जनावराच्या पुढच्या व मागच्या पायांत चार-पाच फुटांचे अंतर; खूर ओले, जमीन शेणामुताने ओली; प्रवाह छातीतून जातो. म्हणून जेथे चप्पल घातलेल्या माणसास नुसता झटका बसेल, तेथे बैल जागीच कोसळतो.

यावर इलाज म्हणजे ३० मिलिअँपियरचे आर.सी.सी.बी. नावाचे यंत्र. गेलेला प्रवाह व परत आलेला प्रवाह यांत एवढासा फरक पडला, की ते क्षणार्धात वीज तोडते. ते गोठ्यात न बसविता तार जेथून निघते तेथे, घराच्या टोकाशी बसवावे; म्हणजे मधली तारही त्याच्या राखणीत येते. त्यावरील तपासणीची कळ महिन्यातून एकदा दाबून पाहावी.

आता तारेकडे वळू. जमिनीखाली घालावयाची ती पोलादी तारांचे चिलखत असलेली आर्मर्ड केबलच असावी. साधी तार नळीत घालून पुरणारे पुष्कळ आहेत. उंदीर व कुदळ त्यांची वाटच पाहत असतात. चिलखत दोन्ही टोकांस ग्लँड बसवून अर्थिंगला जोडावे. तसे केले म्हणजे कुदळीचे टोक आत शिरताच वीज तुटते. न जोडलेले चिलखत मात्र उलट घात करते.

चर अडीच फूट खोल घ्यावा. भारतीय मानकातही कमी दाबाच्या केबलीस ७५ सेंमी खोली सांगितली आहे. गाडीवाटेखाली ती १ मीटर करावी व तेथे केबल जाड नळातून न्यावी. शक्य तोवर चर बांधाच्या कडेने न्यावा, वावरातून नेऊ नये, कारण जमीन फोडणारा सबसॉयलर दीड-दोन फूट सहज उतरतो. काळ्या जमिनीची आणखी एक खोड आहे. वैशाखात ती भेगाळते, श्रावणात फुगते, आणि पुरलेल्या वस्तूस दर वर्षी ओढते. म्हणून केबल ताणून न घालता किंचित नागमोडी घालावी, दोन्ही टोकांशी एक-एक वळसा शिल्लक ठेवावा, आणि खाली-वर तीन-तीन इंच वाळू पसरून त्यावर विटा मांडाव्यात. वाळू न मिळाल्यास चाळलेला बारीक मुरूम चालतो. वाळूचा विषय आम्हांस कचेरीतच पुरेसा झालेला आहे, म्हणून अधिक लिहीत नाही. चरात जोड मुळीच नसावा. जोडातून पाणी शिरले की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते.

केबलीच्या जाडीत काटकसर करणारास कडबाकुट्टीच धडा शिकविते. अंतर १०० मीटर व तांब्याची तार २.५ चौ. मिमी असेल, तर जाऊन-येऊन विरोध सुमारे १.४ ओहम होतो. दोन अश्वशक्तीची एक फेजची कुट्टी चालताना सुमारे १० अँपियर घेते. म्हणजे १४ व्होल्ट वाटेतच गेले. सुरू होताना ती पाचपट प्रवाह मागते. तेव्हा ७० व्होल्टांच्या घरात घट येते, मोटार घुमते पण फिरत नाही, आणि शेवटी जळते. तांबे ६ चौ. मिमी किंवा ॲल्युमिनियम १० चौ. मिमी घेतल्यास हीच घट चालू कामात सहा व्होल्टांवर येते.

गोठ्यास स्वतंत्र अर्थिंग करावे. पण ते गुरे उभी राहतात त्या जागेपासून व हौदापासून दूर असावे. उन्हाळ्यात त्यात पाणी घालीत जावे, कारण कोरडी काळी माती भेगाळून सळईपासून सुटते.

हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवून त्याचा कागद जपावा. मीटरपुढील तार ही ग्राहकाची जबाबदारी; अपघात झाल्यास विद्युत निरीक्षकाच्या अहवालात तारेची ही बाजू येते, आणि नुकसानभरपाईच्या अर्जाचे भवितव्य बहुधा तेथेच ठरते. बांबूवरील तारेच्या त्या मालकास काही मिळाले नाही.

केबल कोठून गेली याचा नकाशा बांधापासून अंतरे मोजून काढावा व सातबाराच्या उताऱ्याबरोबर ठेवावा. आपल्या शहरातील मलिक अंबरच्या नहरी जमिनीखालून गेल्या, पण त्यांच्या मार्गावर जागोजागी उघडी तोंडे ठेवलेली असल्याने शतकांनंतरही माग लागतो. आपण निदान दर वळणावर एक दगड रोवावा. चर बुजविण्यापूर्वी मेगरने केबलीची तपासणी करून घ्यावी. पुरल्यावर दोष सापडला तर सर्व खोदाई पुन्हा. पहिल्या दोन पावसांत चर खचेल, तेव्हा त्यावर माती ओढून पाणी साचू देऊ नये.