भिंतींतील झिरी आणि झिरींतील धूळ

गणपति आणि दिवाळी यांच्या मधल्या दिवसांत ठाण्यास, कल्याणास किंवा डोंबिवलीस एखाद्या इमारतीचा जिना चढूं लागलें, म्हणजे बहुधा एका तरी मजल्यावर यंत्राची कर्कश घरघर कानीं पडते आणि बंद दाराच्या फटींतून लाल धुरळा बाहेर येतांना दिसतो. आंत विजेच्या नळ्यांसाठीं भिंतींत झिरी पाडण्याचें काम चाललेलें असतें. कारागिरानें नाकातोंडाला ओला रुमाल बांधलेला असतो, आणि त्या रुमालावर त्याचा व घरधन्याचाहि पूर्ण भरंवसा असतो. श्रोतेहो, हा भरंवसा कितपत खरा आहे, तें आज पाहूं.

झिरीचें जुनें साधन म्हणजे छिन्नी-हातोडा. घाव बसेल तशी वीट ढलप्यांनीं सुटते. धूळ होते, पण ती पुष्कळशी जाड असल्यानें पायांशींच बसते. मात्र प्रत्येक घावानें भिंत हादरते, गिलावा पोकळ होतो, आणि मऊ भाजलेली वीट असली तर ती अर्धी निखळून हातांत येते. म्हणून फिरत्या पात्याचें यंत्र आलें. हिऱ्याचे कण बसविलेलें तें पातें मिनिटास हजारों फेरे घेऊन आंखल्यासारखी चीर पाडतें. भिंतीला तें सुखाचें झालें. कारागिराच्या छातीला नव्हे. कारण पातें वीट फोडीत नाहीं, तें ती दळतें.

विटेच्या मातींत आणि सांध्यांतील वाळूंत गारगोटीचा, म्हणजे सिलिकेचा, अंश असतो. डोळ्यांना दिसणारी धूळ बव्हंशीं नाकांतच अडते. पण एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतल्या चार-पांच भागांहूनहि लहान असे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, तेथेंच राहतात, आणि वर्षांमागून वर्षें तेथें वण धरत जातात. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारें औषध नाहीं. १९४८ च्या कारखाने-कायद्यानें हा रोग सरकारास कळविण्याच्या रोगांत घातला; पण झिरी पाडणारा माणूस कारखान्यांत नसतो, तो आपल्या दिवाणखान्यांत असतो.

रुमालाच्या विणींतून हे कण सहज जातात. २०२० च्या साथींत सर्वांस ठाऊक झालेला एन-९५ मुखपट्टा खरा उपयोगी, परंतु तो गालांस घट्ट बसला पाहिजे. दाढी राखणाऱ्यास तो बसत नाहीं. त्याहून शहाणपणाचा उपाय म्हणजे धूळ पात्याच्या तोंडाशींच धरणें. दोन समांतर पात्यांचें झिरीयंत्र मिळतें. त्याच्या पात्यांवर टोपण असतें, खोली ठरविण्याची पट्टी असते, आणि टोपणास धूळ शोषणाऱ्या यंत्राची नळी जोडतात. दोन चिरांमधली पट्टी मग छिन्नीनें अलगद काढतात. साध्या पात्यालाहि असें टोपण बसवितां येतें. शोषकयंत्र मात्र बारीक गाळणीचें हवें. घरगुती यंत्र जाड धूळ पोटांत ठेवून बारीक तेवढी खोलींत परत सोडतें! हें साहित्य नसेल, तर भिंत भिजवून छिन्नी चालवावी. विजेच्या कटरवर पाणी ओतण्याचा प्रकार मीं पाहिला आहे. तसें करण्यासाठींच घडविलेलें यंत्र नसेल, तर तो जिवावरचा खेळ आहे.

जितकी झिरी खोल, तितकी धूळ अधिक. दीड इंच रुंद, दीड इंच खोल आणि दहा फूट लांब झिरींतून सुमारें साडेसात किलो वीट निघते. पण पातें हलकें चालतें, म्हणून हात थांबत नाहीं. जुन्या दोन-तीन मजली घरांत विटांची भिंतच सारा भार वाहते. अशा भिंतींसाठीं भारतीय मानक १९०५ (१९८७) सांगतें कीं, उभी झिरी जाडीच्या एक-तृतीयांशाहून व आडवी एक-षष्ठांशाहून खोल नसावी. नऊ इंची भिंतींत हीं मापें तीन इंच आणि दीड इंच येतात. एक इंची नळी व तिजवर अर्धा इंच गिलावा आडव्या झिरींत जेमतेम मावतो. अर्ध्या विटेच्या भारवाही भिंतीस तर झिरी पाडूंच नये.

काम चालूं असतां छताचा पंखा बंद ठेवावा, आंतल्या खोल्यांचीं दारें ओल्या गोणपाटानें झांकावीं, खिडकी उघडी असावी. केरसुणी फिरविण्यापूर्वीं पाणी शिंपडावें, नाहींतर बसलेली धूळ पुन्हा उठते. कारागिरानें कामाचे कपडे झटकूं नयेत. ते तेथेंच बदलून पिशवींत बांधावे आणि घरीं वेगळे भिजवावे. एरव्हीं सायंकाळच्या कसारा-कर्जत लोकलनें ती धूळ त्याच्या मुलांपर्यंत पोंचते.